अन्वस्त सर आणि भुरीमायची गोफण

आमच्या शाळेत गणित शिकवणारे अन्वर सर कुणाच्या हातात कधी काही देत नाहीत. फेकतात. खडू, डस्टर, कपाटाची किल्ली, पेरू, काहीही. स्टाफरूममध्ये चुकून "सर, जरा तो स्टेपलर द्या" म्हटलं की स्टेपलर हवेतून येतो. आपण धडपडत तो झेलतो, चष्मा सावरतो, आणि समोर सर भुवया उंचावून विचारतात, "बघितला का, बाई?"

"काय?"

"रस्ता हो! काय रस्ता गेला त्याचा!"

कारण फेकल्यावर ते घेणाऱ्याकडे बघतच नाहीत. मधल्या हवेकडे बघतात. फेकलेली वस्तू वर चढते, वळते आणि उतरते, तेव्हा तिची जी कमान होते तिला गणितात अन्वस्त म्हणतात. हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अन्वर सरांनी सांगितलं, तेही एका हातात उकडलेल्या शेंगा घेऊन. पोरांनी त्यांचं नाव केव्हाच 'अन्वस्त सर' करून टाकलंय. सरांना ते माहीत आहे. राग यायच्या ऐवजी ते खूश आहेत. म्हणतात, "माझ्या बापानं निम्मं नाव ठिवलं होतं, पोरांनी पुरं केलं."

मी मुकुंदवाडीच्या या शाळेत मराठी शिकवते. गणिताचं आणि माझं दहावीतच फाटलं. त्यामुळे अन्वर सरांकडे मी पहिली काही वर्षं जरा लांबूनच बघत होते, जसं आपण फटाके उडवणाऱ्या माणसाकडे बघतो. माणूस सरळ. उंची बेताची, खांदे मात्र पैलवानासारखे, शर्टाच्या खिशात आलेखाच्या कागदाच्या घड्या. वर्गातून येताना हात कोपरापर्यंत पांढरे. बोलणं अस्सल कन्नड तालुक्याकडचं, रागावले की दखनी. "दिमाग बाजू में रखो, पहले आँखाँ से देखो," हे दिवसातून दहादा.

त्यांना कमानींचा नाद होता. क्रांती चौकात एकदा पाण्याचा टँकर बाजूनं फुटून धार उडत होती. लोक ओरडत होते, हॉर्न वाजत होते, पायजमे वर करून पळत होते. सर मात्र स्कूटर कडेला लावून त्या धारेचं चित्र काढत उभे. ट्रॅफिक पोलिसानं हटकलं तर त्यालाच कागद धरायला लावला.

रुबिनाभाभी, म्हणजे त्यांच्या बायको, याहून वरची गोष्ट सांगतात. निकाहाच्या वेळी कुण्या उतावळ्या पोरानं छुहारे, म्हणजे निकाह लागल्यावर उधळायच्या खारका, आधीच उधळले. काजीसाहेबांनी विचारलं, कुबूल है? नवरदेव गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. भाभींच्या वडलांच्या छातीत धडकी भरली. नवरदेवाची मान वर, डोळे मांडवाच्या छताखाली, छुहारे जिथून गेले तिथं. शेवटी मोठ्या भावानं कोपर मारलं तेव्हा म्हणाले, "हां हां, कुबूल, कुबूल." भाभी हसून सांगतात, "पैला कुबूल उस छुहारे को बोले ये. मेरा नंबर बाद में लगा."

तर अशा माणसाकडे दहावी ब आली.

आमची ब तुकडी म्हणजे ज्यांना शाळेनं मनातून सोडून दिलंय अशी पोरं. वर्गसमीकरणांच्या धड्याला त्यातली निम्मी गैरहजर राहायची आणि हजर असलेली निम्मी खिडकीतून मुकुंदवाडी स्टेशनात शिरणारी गाडी बघायची. चाचणीचा निकाल इतका वाईट लागला की हेडसरांनी अन्वर सरांना बोलावून घेतलं. हेडसर माणूस वाईट नाही, पण कागदाच्या बाहेर त्यांना भीती वाटते. मी सही घ्यायला गेले होते, म्हणून ते बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"सर, पूर्वपरीक्षेतही हेच झालं तर पुढच्या वर्षी मी तुम्हाला दहावी देणार नाही. पाचवी-सहावी घ्या."

अन्वर सर एकदम लहान दिसले. दहावीचा वर्ग म्हणजे त्यांचा जीव. मग म्हणाले, "एक तज्ज्ञ बोलवू का? पोरांना दाखवायला?"

"कुठले?"

"कन्नडच्या बाजूच्या. पन्नास वर्सांचा अनुभव हाय."

"पीएचडी?"

"त्याच्या वरचं, सर."

हेडसर खूश झाले. त्यांनी हॉल झाडून घेतला, प्रोजेक्टर लावला, शाल आणि नारळ मागवला, फळ्यावर माझ्याकडून सुंदर अक्षरात 'सुस्वागतम्' लिहून घेतलं.

ठरल्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकातून अन्वर सर आले आणि त्यांच्या मागून एक म्हातारी. काटक, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कमरेला गुंडाळलेली दोरी, हातात पिशवी. पिशवीत वाळवलेल्या मातीचे लिंबाएवढे गोळे. हेडसर तिच्या मागे कुणी येतंय का ते बघत राहिले. कुणी नव्हतं.

"ह्या भुरीमाय," अन्वर सर म्हणाले. "आमच्या गावाकडच्या. भिल्ल वस्तीवर ऱ्हात्यात. ह्यांच्यावाणी गोफण त्या सगळ्या घाटाखाली कुणाची नाय."

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मी 'सुस्वागतम्'कडे बघितलं.

भुरीमाय हॉलमध्ये आली, वर पंख्याकडे बघून म्हणाली, "हितं तं छप्पर हाय. हितं काय फेकू?" आणि वळून मैदानात चालू लागली. शाल हेडसरांच्या हातात तशीच राहिली.

मैदानात सगळी शाळा जमली. गोफण म्हणजे काय ते शहरातल्या पोरांनी पाहिलेलं नव्हतं. विणलेल्या दोरीची मधोमध एक खोळ, तिच्यात गोळा ठेवायचा, डोक्याभोवती गरगरा फिरवायचा आणि दोरीचं एक टोक सोडून द्यायचं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उठवायला शेतात माचावर उभं राहून हे करतात. अन्वर सरांनी मैदानभर दहा-दहा पावलांवर बांबू रोवले होते. वरच्या गॅलरीत सानिया नावाची पोरगी मोबाइल घेऊन उभी होती, गोळा कोणत्या बांबूवरून किती उंच जातो ते टिपायला. ही सानिया ब तुकडीतली सगळ्यात वाचाळ. गणिताच्या पेपरात फक्त स्वतःचं नाव बरोबर लिहिणारी.

"कुठं पाडू?" भुरीमायनं विचारलं.

हेडसर जरा घुश्शातच होते. त्यांनी लांब लिंबाच्या झाडाकडे बोट केलं. झाडाच्या अलीकडे चुन्याचं एक रिंगण होतं, कुठल्याशा खेळाचं उरलेलं, परातीएवढं.

भुरीमायनं तिकडे नीट बघितलंसुद्धा नाही. एकदाच डोळे बारीक केले. गोफण फिरली, चाबकासारखा आवाज झाला आणि गोळा वर गेला. किती वर? शाळेच्या दोन मजल्यांच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर, आभाळात ठिपका झाला. तो वर आहे तोवरच हिनं डाव्या मुठीतला दुसरा गोळा खोळीत घातला, तीन-चार आकडे मोजावेत इतका वेळ थांबली आणि तो फेकला, पण खालून, सपाट, पोरांच्या डोक्यांच्या जरा वरून. एक आभाळातून येतोय, एक जमिनीच्या कडेनं.

आणि दोन्ही गोळे त्या रिंगणात एकदमच फुटले. एकच आवाज आला.

मैदान गप्प झालं. पाचवीच्या पोरांपासून शिपायापर्यंत एकही माणूस टाळी वाजवू शकला नाही, कारण आपण काय पाहिलं ते कुणाला कळतच नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर जशी माणसं गप्प होतात, तसं काहीसं.

"दोन वाटा, एकच गाव," भुरीमाय म्हणाली आणि खाली बसून पाणी मागितलं.

मग अन्वर सर जागे झाले. त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. सानियानं मोबाइलमध्ये बघून उंच गेलेल्या गोळ्याच्या उंच्या वरून ओरडून सांगितल्या, पोरांनी भिंतीला लावलेल्या मोठ्या आलेखाच्या कागदावर ठिपके दिले. ठिपके जोडले तर कमान. सुटलेल्या जागेपासून तिसऱ्या बांबूवर जेवढी उंची, पडलेल्या जागेपासून तिसऱ्या बांबूवर तेवढीच. सगळ्यात उंच ठिपका बरोब्बर मधोमध.

"आता हा गोळा जमिनीला किती वेळा भेटला?" सरांनी विचारलं.

"दोनदा," कुणीतरी म्हणालं. "सुटताना आणि पडताना."

"हीच ती दोन मुळं! वर्गसमीकरणाला दोन मुळं का असत्यात म्हणून रडत होता ना रे? गोळ्याला इचारा!"

भुरीमायला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिला गंमत वाटत होती. सानिया धावत खाली आली आणि तिनं विचारलं, "आजी, पाखरू उंचावर बसलं असलं तर?"

"उंच म्हंजी किती उंच?" म्हातारी म्हणाली. "बेताच्या उंचीवर असलं तं गोळा त्याच्याजवळून दोनदा जातो. चढताना एकदा, उतरताना एकदा. पार कमानीच्या शेंड्याशी असलं तं एकदाच. आन् त्याच्या बी वर असलं..." तिनं दोन्ही हात जोडले. "तं रामराम घालायचा. गोळा तिथवर जातच नाय."

अन्वर सर मटकन खाली बसले. मातीतच.

"बाई," मला म्हणाले, "हा वर्गसमीकरणाचा विवेचक हाय, उत्तरं किती ते सांगणारा आकडा. शून्याच्या वर असला तर दोन उत्तरं, शून्य असला तर एक, शून्याच्या खाली असला तर नाय. मी इतकी वर्सं फळा पांढरा करतोय. भुरीमायनं तीन वाक्यांत सांगितलं."

आणि खरं सांगते, मला ते समजलं. ज्या गोष्टीनं दहावीत मला रडवलं, जिच्यामुळे मी गणिताला जन्मभर पाठ दाखवली, ती एका पाखरासारखी माझ्यासमोर तारेवर येऊन बसली. इतकी साधी होती ती? आणि इतकी देखणी? मी अन्वर सरांच्या नजरेनं पहिल्यांदा आभाळाकडे बघितलं.

"पण आजी, पाखरू मरत नाही का?" एका मुलीनं विचारलं.

"मारायचं नसतं, बये. उठवायचं असतं. गोळा त्याच्या शेजारी पाडायचा. त्याला बी पोट हाय."

शेवटी हेडसरांनाही राहवेना. "बघू, मी एक फेकून बघतो," म्हणाले. त्यांनी गोफण फिरवली, सोडली, आणि गोळा मागच्या मागे जाऊन त्यांच्याच गाडीच्या आरशावर फुटला. पोरं हसायच्या आत अन्वर सर गंभीरपणे म्हणाले, "हे ऋण उत्तर." मग मात्र हेडसरच पहिल्यांदा हसले. शाल त्यांनी मैदानातच भुरीमायच्या खांद्यांवर घातली.

नंतरचे दोन महिने ब तुकडी मैदानातच शिकली. हेडसर अधूनमधून येऊन "हे अभ्यासक्रमात नाही" म्हणत आणि जाताना एखादा बांबू सरळ करून जात.

पूर्वपरीक्षा झाली. सगळी पोरं पहिल्या वर्गात आली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पण कोरे पेपर बंद झाले. बरीच पोरं पास झाली, काही काठावर लटकली, आणि अन्वर सरांची दहावी राहिली. सानियाच्या पेपरात एक प्रश्न होता, या समीकरणाच्या मुळांचे स्वरूप सांगा. तिनं विवेचक बरोबर काढला होता, तो शून्याहून लहान आला होता. खाली तिनं लिहिलं होतं : 'वास्तव मुळे नाहीत, कारण पाखरू फार वर आहे. रामराम.' शेजारी कमान काढून वर एक चिमणीसुद्धा काढली होती. दुसऱ्या शाळेतून पेपर पडताळायला आलेल्या बाईंनी त्या ओळीपाशी मोठं प्रश्नचिन्ह केलं होतं. अन्वर सरांनी त्यांना स्टाफरूममध्ये बसवून अर्धा तास समजावलं. बाई गुण देऊन गेल्या, वर चिमणीचं कौतुकही करून गेल्या.

सरांना तो पेपर भुरीमायला दाखवायचा होता. एका रविवारी त्याची झेरॉक्स घेऊन ते निघाले. मीही सोबत गेले, म्हातारीला भेटायचं मनात होतंच. एसटीनं कन्नड, तिथून जीप, मग थोडं चालत. वस्तीवर भुरीमायचं कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण. ती आम्हाला बघून इतकी हरखली की मला वाटलं ती आता नाचते. सरांनी पेपर वाचून दाखवला. "रामराम लिव्हलं व्हय?" ती पदर तोंडाला लावून हसली. "शानी पोरगी हाय."

तेवढ्यात घरातून तिचा मुलगा आला. लक्ष्मण. सरांच्याच वयाचा, गवंडीकाम करणारा, हातांवर सिमेंटचे पांढरे वण. आला आणि सरांच्या पाठीत एक धपाटा घातला. दोघं शाळेत एका बाकावर होते, असं भुरीमायनं सांगितलं. लक्ष्मणनं तो कागद घेतला, उलटा होता तो सुलटा केला, सानियाच्या कमानीवर एक नजर टाकली आणि बोट ठेवलं.

"ह्यो शेंडा चुकला. जरा अलीकडं पाहिजे."

सरांनी कागद ओढून घेतला. खिशातून पेन काढलं, मांडीवर धरून आकडेमोड केली. मी बघत होते. लक्ष्मण बरोबर होता. शेंडा केसभर, फार तर दोन रेघा, उजवीकडे सरकला होता. सरांनीच त्या आकृतीला बरोबरची खूण दिली होती.

"कसं कळलं तुला?" मी विचारलं.

"कळतंय की," लक्ष्मण म्हणाला. "दोन्हीकडची वाट सारखी नाय." एवढं बोलून तो चहाला दूध आणायला गेला.

अन्वर सर मात्र त्यानंतर बोलेनासे झाले. चहा प्याले, भुरीमायच्या पाया पडले, जीपमध्ये गप्प, कन्नडच्या स्टँडवर गप्प. एसटी सुटली, खिडकीतून उन्हं कलताना दिसू लागली, तेव्हा कुठे बोलले.

"सातवीत होतो आम्ही. गणिताचे मास्तर होते कडक. वहीतली उत्तरं माझी सगळी बरोबर यायची. शाबासकी मिळायची. लक्ष्मणची बी बरोबर यायची, पण तो मांडत नव्हता काही. नुसता आकडा लिहायचा. एक दिवस मास्तरांनी त्याला उभं केलं. म्हणाले, ही उत्तरं तू अन्वरच्या वहीतून चोरतोस. बोल, चोरतोस का नाय? सगळा वर्ग हसला."

त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"बाई, उत्तरं त्याची होती. मीच त्याची बघून घ्यायचो, आन् मागून रीत जुळवायचो. मी उभं ऱ्हाऊन सांगायला पाहिजे होतं. मी नाय उठलो. मी बी हसलो. दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मण शाळेत आला नाय. भुरीमाय मास्तरांच्या घरी जाऊन आली, माझ्या बापाच्या सायकलच्या दुकानात येऊन रडून गेली. मी दुकानाच्या मागं लपलो होतो."

एसटी दौलताबादच्या वळणावरून खाली आली. मी त्यांच्याकडे वळले.

"मग तुम्ही त्याला कधी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. मास्तर झालो त्या वर्षी गेलो आन् सगळं सांगितलं. त्यानंतर दर ईदला जातो, दर ईदला सांगतो."

"मग? तो काय म्हणतो?"

"हसतो. म्हणतो, 'आरं, उत्तरं तर मी दोस्ताला दिली होती. तू चोरली कुठं?'"

चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले. स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. मध्यवर्ती स्टँडवर आम्ही सिटी बस धरली. त्यांना क्रांती चौकात उतरायचं होतं, मला पुढे मुकुंदवाडीला. चौक आला, माणसं उतरली, चढली, बस हलली. सर जागचे उठले नाहीत. मीही त्यांना आठवण केली नाही. कंडक्टर आला तेव्हा मुकुंदवाडीपर्यंतचं त्यांचं तिकीट मीच काढलं.